आत्यानं कुणालाच काढलं नाही

आत्या तोंडात टाचण्या धरून बसली की समजायचं, ग्रुपवर भांडण पेटलंय. शिवताना टाचण्या ओठांत धरतात तशा नव्हे. समोर कापड नसलं तरी ती डबीतून दोन-तीन टाचण्या उचलायची, ओठांत दाबायची आणि मोबाइल मांडीवर ठेवून वाचत राहायची. कुणी विचारलंच तर तोंडाच्या एका कोपऱ्यातून शब्द बाहेर काढायची, “बोलून गेले असते रे. म्हणून तोंडाला टाके घातलेत.”

नवीन जालन्यात, स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, बी-बियाण्याच्या दुकानांच्या रांगेत तिचं शिलाईचं दुकान होतं. एक पायमशीन, एक आरसा आणि एक खुर्ची, जिच्यावर कायम कुणाचं तरी अर्धवट ब्लाउज बसलेलं असायचं. माहेर धावड्याचं. बाप मेंढरं राखायचा, भाऊ अजून राखतो. लग्न होऊन ती शहरात आली, पण बोलणं धावड्याचंच ठेवलं. गिऱ्हाईक मोटारीतून उतरलेलं असो की ऑटोतून, “कवा पाह्यजे? जल्दी न्हाई व्हायचं,” हेच पहिलं वाक्य.

आणि ही बाई आमच्या चळवळीची अ‍ॅडमिन होती. हसू नका. आजकालच्या चळवळी मैदानात कमी आणि मोबाइलात जास्त असतात, हे तुम्हालाही माहीत आहे. गायरानं आक्रसली, रोपवनाला तारा लागल्या, रस्ते रुंद झाले, मेंढरांना चालायला जागा राहिली नाही. बातमी यायची ती एकच, ‘मेंढ्यांचा धुमाकूळ’. बरं दोन शब्द छापायला कुणाला सवड नसायची. म्हणून काही पोरांनी ‘चराई आमची’ नावाचं फेसबुक पेज आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. पोरांचं आपसात पटेना, तेव्हा अ‍ॅडमिन म्हणून आत्याला बसवलं. निम्म्या ग्रुपची ती नात्यानं आत्या लागायची. उरलेल्या निम्म्यांनी लाजेखातर म्हणायला सुरुवात केली.

माझी ती नात्यानं कुणीच लागत नव्हती. मी बियाण्याच्या एका कंपनीत पाकिटांवरचा मजकूर लिहितो. माझ्या आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी ती विकून मजुरी केली आणि मी खुर्चीवर बसून ‘उगवण खात्रीशीर’ असं लिहू लागलो. रग मात्र आजोबांची. ती मी ग्रुपवर काढायचो.

एकदा बायकोचं ब्लाउज सैल करून घ्यायला आत्याच्या दुकानात गेलो. तेव्हा तिला नुसतं नावानं ओळखत होतो. ती माप घेईपर्यंत मी उभ्या उभ्या ग्रुपवर कुणाला तरी झापत होतो. मी मेसेज पाठवला की तिचा फोन वाजायचा. पुन्हा पाठवला, पुन्हा वाजला. तिनं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

“तो ‘धगधगता अंगार’ तूच का रे?”

मी छाती काढून हो म्हणालो.

“मंग एवढे खिळे कामून ठोकतोस?” तिनं माझ्या मेसेजमागच्या उद्गारचिन्हांच्या रांगेवर बोट ठेवलं. “वाचणाऱ्याच्या पायात घुसतेत ना.”

मला असा राग आला म्हणता! पण ब्लाउज तिच्या ताब्यात होतं, गप्प बसलो. त्या दिवसापासून ऑफिस सुटलं की मी तिच्या दुकानात टेकू लागलो. अंगाराचा चहा तिथंच व्हायचा.

तिचा नियम एकच होता. “राग आला तर आधी मला फोन लावायचा. मंग लिहायचं.” आता तुम्हीच सांगा, असा नियम कुठल्या ग्रुपवर चालतो? पण चालला. जे ग्रुपवर पडायचं ते तिच्या कानात पडायचं. फोन खांद्याला दाबून ती मशीन चालवत राहायची, “हं… हं… बराबर…” करत. पलीकडचा माणूस फारच घसरला की मशीन थांबायचं. तो आवाज बंद झाला की बोलणाऱ्याला आपोआप कळायचं, आपण जास्त बोललो. पुष्कळांचा राग तिथंच निवायचा आणि लिहायला काही शिल्लक राहायचं नाही.

आत्या म्हणजे देवी नव्हती बरं का. हट्टी होती. आपल्या भावाचा फोटो आला की न बघताच सगळ्यात आधी अंगठा. आणि मोबाइलचं ज्ञान तर विचारूच नका. ग्रुपवर कुणी घाण लिहिलं की ती ते आपल्या फोनवरून खोडायची, आणि तिची समजूत अशी की सगळ्यांच्याच फोनवरून ते गेलं. “मी काढून टाकलं बरं का ते,” असं समाधानानं सांगायची. आम्ही सगळे ते पुन्हा पुन्हा वाचत बसलेलो असायचो. किती वेळा समजावलं! “तुला न्हाई कळत,” म्हणायची.

पण माणूस मात्र तिनं ग्रुपमधून कधी काढला नाही. शिवी देणाराही नाही, लग्नाची जाहिरात टाकणाराही नाही. “वाघर असती ना,” म्हणायची, “तिच्यात मेंढरू मेंढराला टक्कर देतंच. म्हणून काय कुणी त्याला उचलून लांडग्याकडं फेकतं?” वाघर म्हणजे कळपाभोवती रात्री लावतात ते जाळ्याचं कुंपण.

तिच्याबरोबर दुसरा अ‍ॅडमिन होता विलास. पुण्यात इंजिनिअर, पेजचं सगळं तांत्रिक काम तोच बघायचा. हुशार पोरगा, मनानं वाईट नाही, पण जरा इस्त्री केलेला. आमच्याबद्दल जगानं काय म्हणावं याची त्याला सतत काळजी. पेजवर फोटो कुठला लावायचा यावरून एकदा जुंपली. विलासला ड्रोनमधून घेतलेला कळप हवा होता. गावाकडच्यांना फेटा, काठी आणि कुत्रा हवा होता. मी लिहिलं की दरवेळी म्हातारा आणि मावळता सूर्य दाखवायला आपण काय प्रदर्शनात बसलोय? खिळ्यांसकट लिहिलं.

तेवढ्यात रुक्मिणीचा आवाज आला. ही रुक्मीण आत्याच्या चुलतभावाची सून, तिशीच्या आतबाहेरची. नवरा, दोन लेकरं आणि मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरणारी. ती लिहायची नाही, नुसता आवाज पाठवायची, आणि त्यात तिच्यापेक्षा मेंढरं जास्त ऐकू यायची. त्या गोंधळातून ती म्हणाली, “दर बारीला म्हातारंच कामून? आमी काय दिसायला वंगाळ हाव का?” पाठोपाठ तिनंच एक फोटो टाकला. नवरा मोटारसायकलवर, शर्टाच्या आत कोकरू, कोकराचं डोकं वरच्या दोन गुंड्यांमधून बाहेर आणि दोघांची नजर सरळ कॅमेऱ्यात. सगळा ग्रुप हसला, विलाससुद्धा. तोच फोटो पेजवर लागला.

तर ही रुक्मीण. हिच्यावरच पुढचं सगळं ओढवलं.

उन्हाळा होता. रानं मोकळी झालेली. अशा वेळी आमच्याकडं शेतकरी मेंढपाळाला स्वतः बोलावतो. कळप रात्री त्याच्या रानात मुक्काम करतो, लेंड्या नि मूत जमिनीत मुरतं, पुढच्या पिकाला त्यासारखं खत नाही. शेतकरी बदल्यात धान्य देतो. याला म्हणतात मेंढरं बसवणं. बापजाद्यापासूनचा शब्द आहे. हसनाबादचे नाना, मोठे जुने शेतकरी, दरसाल रुक्मिणीच्या सासऱ्याची मेंढरं बसवून घ्यायचे. सासरा थकल्यावर रुक्मिणीची बसवू लागले.

जालन्यातला एक चॅनेलवाला, म्हणजे मोबाइल, माईक आणि यूट्यूब, हसनाबादच्या वाटेवर तिला भेटला. माणूस बाहेरच्या जिल्ह्यातला, शहरात वाढलेला. त्यानं विचारलं, यंदा शेतकऱ्यांनी नाही म्हटलं तर? रुक्मीण खळखळून हसली. “न्हाई कसे म्हणतील? दरसाल बसवतो, यंदाबी बसवणारच! बसवल्याबिगर सोडतो का काय!”

आपल्या माणसावरच्या हक्कानं बोलली बिचारी. माहेरी जाणारी पोर म्हणते ना, साडी घेतल्याशिवाय उठणार नाही, तसं.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. खाली ढोल-ताशाचं संगीत, लाल अक्षरं. ‘बसवणारच! मेंढपाळ महिलेचा शेतकऱ्यांना थेट इशारा!’ आणि रुक्मिणीचं तेच वाक्य तीनदा, मागचं पुढचं सगळं कापून. तिचं हसणंसुद्धा कापलेलं. हसणं कापलं की वाक्य कसं होतं, ते तुम्हीच मनात म्हणून बघा.

झालं! गावागावांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरला. तरण्या शेतकऱ्यांचं रक्त तापलं. रुक्मिणीनं नानांना फोन लावला तर त्यांच्या मुलानं उचलला. “इशारा देता का आम्हाला? आमच्या रानात पाय ठिवायचा न्हाई,” म्हणून ठेवून दिला. नानांचं बघून इतरांनीही नकार दिला. वाघर कुठं ठोकायची? तिनं कळप भोकरदनच्या रस्त्याच्या कडेला थांबवला. एका बाजूला तारा आणि दुसऱ्या बाजूला ट्रक.

आणि आमचा ग्रुप? ग्रुपनं काय केलं, तेही ऐका. ग्रुप आपसात भांडत बसला.

आमची एक फळी होती, म्हणजे मी आणि माझ्यासारखे अंगार. आमचं म्हणणं, त्या चॅनेलवाल्याचा नंबर टाका, सगळ्यांनी मिळून फोन करा, चॅनेलविरुद्ध तक्रारी ठोका, नाक घासून माफी मागायला लावा. दुसरी फळी विलासची. त्यांना ग्रुपच्या नावाची पडली होती. विलासनं एक निवेदन लिहून टाकलं. ‘सदर महिलेचे वक्तव्य वैयक्तिक असून त्याच्याशी चळवळीचा संबंध नाही.’ सदर महिला! जिच्या नवऱ्याचा फोटो पेजवर लावून मिरवलात, ती आता सदर महिला झाली. खाली कुणीतरी लिहिलं, ज्यांना बोलायची अक्कल नाही त्यांनी कॅमेऱ्यापुढं जाऊ नये. आणि हे सगळं रुक्मीण रस्त्याच्या कडेला बसून वाचत होती. तिला लिहिता फारसं येत नव्हतं, वाचता चांगलं यायचं.

त्या दिवशी मला सुट्टी होती, मी सकाळपासून आत्याच्या दुकानात होतो. आत्याच्या ओठांत टाचण्या. बघता बघता पडद्यावर ओळ आली, ‘विलास यांनी रुक्मीण यांना काढून टाकले.’

आत्यानं टाचण्या थुंकल्या. अक्षरशः थुंकल्या, मशीनवर टणटण उडाल्या. तिनं विलासला फोन लावला.

“कामून काढलं तिला?”

विलास काहीतरी म्हणाला असणार, प्रतिमा वगैरे.

“तिला बोलता येत न्हाई म्हणून? मंग मला तरी कुठं येतं रे? मलाबी काढ. तुझा आज्जा तर सायबाला पाहून मुताय पळायचा, त्याला कुठं ठिवशील?” आणि फोन बंद.

मग रुक्मिणीला लावला. स्पीकरवर. मागं ट्रकचे हॉर्न आणि दचकलेली मेंढरं. रुक्मीण रडत नव्हती, पण तिचा आवाज पार बसला होता. “मला परत घेऊ नको, आत्या. माझ्या तोंडामुळं सगळ्यांचं नाव गेलं. बरं झालं काढलं त्यायनं.”

“तोंडात वाईट काय व्हतं तुझ्या?”

“मला काय ठावं. मी तर हसू राह्यले व्हते.”

फोन ठेवल्यावर आत्यानं मशीनवरच्या टाचण्या वेचून डबीत टाकल्या. तिचे डोळे भरले होते. मी आपलं म्हटलं, आत्या, त्या चॅनेलवाल्याला आज उभा चिरतो. ती म्हणाली, “चिरून काय करतो? गाडी काढ.”

चॅनेलचं ऑफिस म्हणजे चहाच्या हॉटेलावरची एक खोली. चॅनेलवाला तिशीतला, बारीक, डोळ्याखाली काळं. आम्हाला बघून तो उभाच राहिला. फोनवरून शिव्या खाऊन खाऊन त्याचा चेहरा उतरला होता, कारण आमच्या काही अंगारांनी त्याचा नंबर शोधलाच होता. मी तयारीनं बाह्या सरसावल्या. आत्या खुर्ची ओढून बसली.

“बाबा, मला एक सांग. बसवणं म्हंजी काय?”

तो गोंधळला. “म्हणजे… शेतात मेंढ्या घुसवून ठाण मांडायचं. कब्जाच ना?”

आत्या त्याच्याकडं बघत राहिली. आणि मग तिला हसू फुटलं. असं फुटलं की काय सांगू! पदर तोंडाशी धरला, खुर्ची हलायला लागली, डोळ्यांतून पाणी. मला कळेना ही हसतेय की रडतेय. तिनं कसाबसा श्वास घेतला.

“तुझ्या घरी गणपती बसवतेत का रे?”

“हो.”

“मंग तो काय कब्जा करतो का घरावर?”

 मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला. “म्हणजे… बोलावून बसवतात?”

“बोलावून! जेवू घालून! पंगतीला बसवतेत तसं!”

तोही हसला. आता मला सांगा, ज्याला उभा चिरायला आलो तो समोर बसून आत्याला पाणी देतोय, अशा वेळी सरसावलेल्या बाह्यांचं काय करायचं? मी हळूच खाली केल्या. त्यानं व्हिडिओ तिथल्या तिथं काढून टाकला आणि सगळं मूळ चित्रीकरण लावून दाखवलं. आत्या ते ऐकता ऐकता गंभीर झाली. “हे माझ्या फोनमधी दे,” म्हणाली.

“पूर्ण व्हिडिओ टाकतो,” तो म्हणाला. “शब्दाचा अर्थ पण सांगतो. फक्त माफी… माफी मागितली की चॅनेल संपतं हो, ताई.”

मी उसळलो. माफी नाही म्हणजे? मग मिळवलं काय आपण? ग्रुपला काय तोंड दाखवायचं?

आत्या माझ्यावर जी कडाडली! “माफी चाटायची का मला? मला मेंढरं बसवायची हायेत! ती लेकरं घेऊन ट्रकखाली बसली अन् तुला नाक घासलेलं पाह्यजे?”

 खाली उतरेपर्यंत माझा चेहरा लालच होता, खरं सांगतो. पण गाडीला किक मारताना तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, “हसनाबादला घे,” आणि मी घेतली.

नाना ओसरीवर बसले होते. मुलगा दारात आडवा. आत्यानं लांबूनच हाक दिली, “नाना, राम राम. धावड्याची लेक आलेय, पाणी तरी पाजा.” पाण्याला नाही म्हणणारं घर नव्हतं ते. आम्ही बसलो. पण नाना आमच्याकडं बघेनात.

“इतक्या वर्सांचा संबंध,” ते शेवटी म्हणाले. “मला सांगायचं सोडून टीव्हीवर सांगता, बसवणारच म्हणून?”

आम्हाला नुसता राग दिसत होता. नाना दुखावले होते. आत्यानं शब्दाचा अर्थ सांगितला नाही. नानांना तो काय सांगायचा? तिनं फोन काढला आणि त्यांच्या हातात दिला. “कापलेलं नगा पाहू. हे पाहा.”

रुक्मीण पडद्यावर हसली. “…बसवल्याबिगर सोडतो का काय!” आणि त्याच दमात पुढं बोलत होती, जे कुणी ऐकलंच नव्हतं. “नाना तर सोताच फोन करत्यात, कवा येता म्हणून. पहिल्या दिशी आमाला पुरणाची पोळी असती त्यांच्या घरी. नानीनं लावलेली रीत हाय. नानी गेल्यावर आमाला वाटलं व्हतं, आता कोण करील? तर नानांनी सोता सुनंला सांगून केल्या. माज्या लेकराला नानी म्हणायची, माझं कोकरू. असं घर हाय ते. तिथं न्हाई बसवायची तर कुठं बसवायची, दादा?”

नाना बघत राहिले. व्हिडिओ संपला तरी फोन त्यांच्या हातात तसाच. मुलानं दारातून बाजूला होऊन मान खाली घातली. आत सून उभी होती, तिनं पदरानं डोळे पुसले.  

नानांनी फोन आत्याला परत दिला. “वाघर कुठं हाय त्यांची?”

“रस्त्याच्या कडंला.”

“मंग घेऊन यायला सांगा ना तिला! दिवस मावळायच्या आत. रस्त्यावर कामून बसवली लेकरं?” असे ओरडले जणू आम्हीच तिला तिथं बसवलं होतं. मग मुलाकडं वळून, “अन् तू काय पाहू राह्यला? ट्रॅक्टर घे, त्यांचं सामान आण.”

आत्यानं रुक्मिणीला फोन लावला. “नाना बोलवू राह्यले,” एवढंच म्हणाली. पलीकडून आधी मेंढरांचं ओरडणं आलं आणि मग रुक्मिणीचं रडणं. आता रडली ती. मला इतकं हलकं वाटलं की मी उगाचच उठून नानांच्या बैलाला थोपटून आलो.

संध्याकाळी कळप रानात उतरला. चॅनेलवाल्यानं पूर्ण व्हिडिओ टाकला, हसण्यासकट. खाली लिहिलं, ‘बसवणं म्हणजे काय, हे आम्हालाही आज कळलं.’ माफी म्हणा, न म्हणा. रुक्मिणीला आत्यानं त्याच दिवशी परत ग्रुपात घेतलं.

आता मजा अशी की आमच्या फळीनं नवीन मागणी लावून धरली, विलासला काढा! दुसऱ्या दिवशी दिवसभर ‘विलास हटाव’. फोन आत्याला. तिनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, “काढून काढून शेवटी मी एकलीच राहीन. मंग भांडू कुणासंगं?” आणि विलासला सांगितलं की लेकरा, तू निवेदन लिहिलंस ते छापील होतं, आता तोंडानं बोल.

विलासनं ग्रुपवर पहिल्यांदाच आवाज पाठवला. अडखळत, “वहिनी, चुकलं माझं. तुम्हाला न विचारता मी… चुकलं.”  रुक्मिणीचं उत्तर आलं, मागं नेहमीचा गोंगाट, “भाऊजी, काय म्हणले ते ऐकू न्हाई आलं. मेंढरं वरडू राह्यलेत. परत म्हणा बरं.”

त्यानं परत म्हटलं. आम्ही पोट धरून हसलो, आणि मला वाटतं तोही हसला असेल. पुढं पत्रकारांशी कुणी बोलायचं यावर त्या दोघांचीच बरीच भांडणं झाली. रुक्मीण म्हणायची, ज्याची मेंढरं तो बोलेल. विलास म्हणायचा, बोला, पण पूर्ण चित्रीकरण आपल्याजवळ ठेवा. दोन्ही ठरलं.

नंतर आत्याचे गुडघे पायमशीनला कंटाळले. तिनं अ‍ॅडमिनपद रुक्मिणीला दिलं, दुकानाची चावी मालकाला दिली आणि ती धावड्याला भावाकडं राहायला गेली. भावाचं घर गावाच्या टोकाला, तिथं मोबाइलला रेंज नाही. आम्ही हळहळलो. ती म्हणाली, “म्हणून तर चालले.”

मधे उन्हाळ्यात मी तिला भेटायला गेलो. दुपारची वेळ. ती ओसरीवर बाजेवर बसली होती, पाय लांब सोडून. थकलेली दिसली, पण चेहरा निवांत. भावजयीनं चहा आणला. इकडचं तिकडचं झालं. मग तिनंच विचारलं, “भांडतेत का अजून?”

“भांडतेत की! कालच जुंपली.”

“कुणी गेलं का सोडून?”

“कुणी न्हाई.”

“कुणाला काढलं?”

“न्हाई, आत्या.”

तिनं मान हलवली.  “रुक्मीण कुठं हाय आता?”

“हसनाबादला. नानांच्या रानात.”

“बसली का मेंढरं?”

“बसली.”

“मंग मीबी पडते जराशी,” आत्या म्हणाली. उशी ओढून ती कुशीवर वळली. मी चहाची बशी खाली ठेवेपर्यंत तिला गाढ झोप लागली होती.